प्रकाशाला अडवणारं सिलिकॉनचं सरपण

१९९१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एली याब्लोनोविच यांच्या गटाने ठोकळ्यात तिरपी भोकं पाडून सूक्ष्मलहरी अडवणारा फोटॉनिक स्फटिक, म्हणजे ठरावीक तरंगलांबीच्या लहरींना वाट न देणारी नियमित रचना, घडवला. भोकं मिलिमीटरांत मोजण्याइतकी मोठी, म्हणून ड्रिल पुरलं. अवरक्त प्रकाश अडवायला मात्र मायक्रॉनची रचना लागते. तिथे ड्रिल काय कामाचं?

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेने चिप बनवण्याचंच तंत्र वापरलं. सिलिकॉनच्या १.२ मायक्रॉन रुंद पट्ट्या, फटींत सिलिकॉन डायऑक्साइड, मग घासून सपाटी. त्यावर काटकोनात पुढचा थर, चुलीसाठी रचलेल्या सरपणासारखा. खरी कसोटी या घासण्याची. जरा उंचसखल राहिलं, की वरचा थर बिघडलाच! शेवटी आम्लाने डायऑक्साइड विरघळवलं. उरलेल्या पोकळ जाळीतून साधारण १० ते १४.५ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश पुढे जात नाही, मागे परततो.