साठवणुकीचा आजार आणि पालिकेचा ट्रक

‘साठेबाज’ हा चळवळीच्या शब्दसंग्रहातील जुना शब्द. धान्य, साखर, रॉकेल दडवून भाव चढण्याची वाट पाहणारा व्यापारी, हा त्याचा अर्थ. १९५५ चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा अशांनाच वेसण घालण्यासाठी झाला. परंतु जुनी वर्तमानपत्रे, रिकाम्या बाटल्या, नादुरुस्त पंखे छतापर्यंत रचणाऱ्या आणि त्यातील एक चिंधीही टाकताना व्याकूळ होणाऱ्या माणसाला शेजारीपाजारी तोच शब्द लावतात, हा अन्याय आहे. त्याला त्यातून दमडीचा नफा नको असतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली या अवस्थेला स्वतंत्र आजाराचा दर्जा दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणातही तिचा समावेश झाला. तिला संचयविकृती म्हणता येईल.

येथे एक सावधगिरी हवी. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात तेव्हा सामान छताला टेकतेच. कचरावेचक स्त्री भंगार साठवते ते विकण्यासाठी. गरिबीला रोग ठरवण्याची घाई कोणी करू नये. सामानामुळे ओट्यावर रांधता येत नाही, पलंगावर निजता येत नाही आणि तरीही वस्तू सोडवत नाही, तेथे आजाराचा विचार करावा.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कॉलियर बंधूंची हकीकत प्रसिद्ध आहे. वडील डॉक्टर, थोरला होमर कायद्याचा पदवीधर. होमरची दृष्टी गेली. ती परत आल्यावर त्याला वाचता यावीत म्हणून धाकटा लँगली वर्षानुवर्षे वर्तमानपत्रे साठवीत राहिला. बिले थकली तशी वीज, पाणी, गॅस तुटले. १९४२ साली कर्जाच्या थकबाकीपायी बँकेची माणसे आली, पाठोपाठ पोलीस आले. लँगलीने राहिलेल्या रकमेचा धनादेश लिहून दिला आणि मंडळी परतली. २१ मार्च १९४७ रोजी होमर मृतावस्थेत सापडला. लँगलीचा शोध गावोगाव चालू असता ८ एप्रिलला त्याचे शव त्याच घरात, भावापासून काही फुटांवर, कोसळलेल्या ढिगाऱ्याखाली मिळाले. त्या घरातून शंभर टनांहून अधिक सामान निघाले. मृतांचे निदान करू नये हे खरे. पण त्या दाराशी आलेला जो तो आपल्या खात्याचे काम उरकून गेला, एवढे निश्चित.

आपल्या शहरांत काय घडते? झुरळांची, दुर्गंधीची तक्रार होते, सोसायटीची नोटीस लागते आणि अखेरीस पालिकेचा ट्रक येतो. संध्याकाळपर्यंत घर रिकामे, दप्तरात ‘तक्रार निकाली’. काही महिन्यांत घर पुन्हा भरते. फरक एवढाच, की आता तो माणूस कोणालाही दार उघडत नाही. ट्रकचा खर्च घनकचऱ्याच्या लेखाशीर्षात सहज बसतो. समुपदेशकाच्या वीस गृहभेटी कोठे दाखवायच्या, तेथे फाइल अडते.

या रोगाची गोम अशी की रुग्णाला आपण आजारी आहोत असे बहुधा वाटतच नाही. सुरुवात कोवळ्या वयात होते, घर निकामी होते ते उतारवयात, आणि तोवर लाजेपायी येणेजाणे तुटलेले असते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. पण त्याची मांडणी मुख्यतः बाह्यरुग्ण विभागाची. डॉक्टर रुग्णालयात बसणार, रुग्णाने केसपेपर काढून रांगेत यायचे. जो स्वतःचे दार उघडत नाही तो रांगेत कसा येणार? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना आढळले.

उपचार आहे, तो संथ आहे. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या पद्धतीत रुग्ण एकेक वस्तू स्वतःच्या हातात घेतो, ती गेली तर काय होईल हे बोलतो, आणि निर्णयही तोच करतो. महिनोन्‌महिने जातात. खात्रीची गोळी नाही. घर लखलखीत होईल ही अपेक्षाही सोडावी; शेगडीभोवतीची जागा मोकळी झाली, पलंगापासून दारापर्यंत वाट झाली, तरी आगीत माणूस वाचतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ ने उपचार हा हक्क ठरवला. इच्छेविरुद्ध दाखल करण्यावर त्याच कायद्याने कडक अटी घातल्या. म्हणजे बळजबरीचा जवळचा रस्ता कायद्यालाच नामंजूर आहे. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टखालील मार्गदर्शक सूचनांनी असा संचय आत्मदुर्लक्षात धरला, त्यामुळे तेथे हा विषय स्थानिक संस्थांच्या समाजसेवा खात्याच्या कक्षेत येतो. आपल्याकडे मागणी साधी हवी : आरोग्य निरीक्षकाकडे अशी तक्रार आली की तिची प्रत ट्रकआधी जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकाकडे जावी, आणि पथकाने घरी जावे.

तोवर वॉर्डातील कार्यकर्त्याने दुवा व्हावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते; नातेवाइकानेही विचारावे. दाराशी गेल्यावर ‘कचरा’ हा शब्द काढू नये, परवानगीवाचून कशाला हात लावू नये. पहिल्या भेटीत आत घेतले नाही, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे.