एक यंत्र, अनेक मालक : एमआय-८ आणि एमआय-१७ हेलिकॉप्टर



पूर आला, दरड कोसळली, रस्ता तुटला, की माणसे आभाळाकडे डोळे लावून बसतात. मग घरघर करीत पोट सुटलेले एक मोठे हेलिकॉप्टर येते, धान्याची पोती उतरवते आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना व लेकुरवाळ्यांना घेऊन जाते. आपल्या देशात ते बहुधा एमआय-१७ असते. हे यंत्र कोणाचे, जगात ते कोण कोण वापरतात आणि आपल्या गावी ते आले तर आपण काय करावे, हे आज थोडक्यात पाहू.

या नावातील 'एमआय' ही अक्षरे मिखाईल मिल या रशियन रचनाकाराच्या आडनावातून आली आहेत. मिल सायबेरियातील इर्कुत्स्क गावी १९०९ साली जन्मले आणि १९७० साली वारले. त्यांचे एमआय-८ हे हेलिकॉप्टर १९६१ साली प्रथम उडाले. तेव्हा त्याला एकच इंजिन होते. पुढच्याच वर्षी दोन इंजिने बसवली आणि यंत्राचा खरा जम बसला. एक बंद पडले तरी दुसऱ्याच्या बळावर सुखरूप उतरण्याची सोय झाली. पुढे अधिक ताकदीची इंजिने बसवून एमआय-१७ निघाले. कझान आणि उलान-उदे येथील कारखान्यांतून आजवर या घराण्याची बारा हजारांहून अधिक हेलिकॉप्टरे बाहेर पडली आहेत.

याची घडण कशी, म्हणाल तर आपल्या बैलगाडीसारखी. दिखाऊपणा नाही, पण ओझे भरपूर. डोक्यावर पाच पात्यांचा पंखा, त्याचा व्यास २१ मीटर, म्हणजे सुमारे सत्तर फूट. पोटात चोवीस जवान बसतात, नाही तर बारा स्ट्रेचर मावतात. चार टनांपर्यंत माल जातो. मागचे दार पूर्ण उघडते, त्यामुळे मोठे सामानही सहज आत सरकवता येते.

इंजिनाला इतके महत्त्व का, हेही समजून घेऊ. पंखा हवेला खाली ढकलतो, म्हणून यंत्र वर उचलले जाते. उंच डोंगरावर हवा विरळ असते. वल्ह्याला पुरेसे पाणीच लागले नाही, तर होडी पुढे कशी जाणार? तसेच पंख्याचे होते. उन्हाने हवा तापली की तीही विरळ होते. म्हणून जे ओझे सपाटीवर सहज उचलते, तेच हिमालयात अर्ध्यावर ठेवावे लागते. एमआय-१७ पहाडी देशांना मानवले ते याच कारणाने. तिची इंजिने अशा विरळ हवेतही बऱ्यापैकी दम धरतात.

आता मालकांची यादी पाहा. पन्नासांहून अधिक देशांनी हे यंत्र वापरले आहे. भारताकडे आहे, पाकिस्तानकडेही आहे. चीनकडे आहे. अँडीज पर्वतातील पेरूकडे आहे, कोलंबिया आणि मेक्सिकोकडेही आहे. पूर्व व पश्चिम जर्मनी १९९० साली एक झाले, तेव्हा पूर्वेकडची एमआय-८ हेलिकॉप्टरे नव्या जर्मनीच्या सैन्याकडे आली. खुद्द अमेरिकेने रशियाकडून एमआय-१७ विकत घेतली आणि अफगाण सैन्याला दिली, कारण तेथील वैमानिकांचा हात याच यंत्रावर बसलेला होता. त्यांतली काही पुढे २०२२ साली युक्रेनला मिळाली. त्या युद्धात दोन्ही बाजूंना हेच यंत्र उडते आहे.

सैन्याबाहेरही त्याला काम कमी नाही. सायबेरियात उन्हाळ्यात जमिनीची दलदल होते, रस्ता टिकत नाही. तेथील तेलविहिरींवर माणसे, दूरच्या वस्त्यांत डॉक्टर आणि टपाल याच यंत्राने जाते. संयुक्त राष्ट्रसंघ भाड्याने घेतलेली ही हेलिकॉप्टरे पांढरी रंगवून काँगोत आणि दक्षिण सुदानमध्ये वापरत आला आहे. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, तेव्हा तिच्यावर वाळू, शिसे आणि बोरॉन टाकायला जी हेलिकॉप्टरे गेली, त्यांत एमआय-८ होती. खालून विषारी किरण येत असताना वैमानिक पुन्हा पुन्हा तिच्यावरून गेले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला एक एमआय-८ तेथील क्रेनच्या तारेला लागून कोसळले आणि त्यातील चौघे दगावले.

आपल्याकडे एमआय-८ सत्तरीच्या दशकाच्या आरंभी आले आणि १७ डिसेंबर २०१७ रोजी बंगळूरजवळील येलहंका तळावर सन्मानाने निवृत्त झाले. सियाचेनच्या १९८४ च्या मोहिमेत त्याने जवान आणि रसद पोहोचवली. एमआय-१७ ने कारगिल पाहिले, जंगलांचे वणवे विझवायला बादलीने पाणी वाहिले. आपल्या गडचिरोलीतल्या दुर्गम मतदान केंद्रांवर निवडणुकीचे कर्मचारी नेले, त्यांत शिक्षकही असतात. जून २०१३ च्या उत्तराखंडच्या प्रलयात या यंत्रांनी हजारो यात्रेकरू काढले. त्याच कामात २५ जूनला गौरीकुंडाजवळ एक एमआय-१७ पडले आणि त्यातील वीसही जण गेले. डिसेंबर २०२१ मध्ये कुन्नूरजवळच्या अपघातात सरसेनाध्यक्ष जनरल बिपिन रावत यांच्यासह चौदा जणांचा अंत झाला. हवामान अकस्मात बदलले, यंत्र ढगांत शिरले आणि वैमानिकाचे दिशाभान हरपले, असे चौकशीत निघाले. तेव्हा मंडळी, ढग उतरले असताना 'हेलिकॉप्टर अजून का येत नाही' म्हणून रागावू नका. आत बसलेलाही कोणाचा तरी मुलगाच असतो.

आता कामाची गोष्ट. गुरुजी आणि बाईंनी ही मुलांकडून पाठच करून घ्यावी. उतरण्यासाठी जागा सपाट व टणक हवी, निदान पन्नास मीटर लांब आणि तितकीच रुंद. जवळ विजेच्या तारा, खांब, उंच झाडे नकोत. तारा वरून दिसत नाहीत, हे ध्यानात ठेवा. पंख्याचा वारा वादळासारखा असतो. सुटे पत्रे, ताडपत्र्या, कडब्याच्या पेंढ्या आधीच बाजूला करा. धूळ असेल तर पाणी मारा. एका कडेला काठीला फडके बांधून ठेवा, म्हणजे वाऱ्याची दिशा वैमानिकाला कळते.

यंत्र उतरले म्हणजे धावत जाऊ नका. आतल्या माणसाने हात केला तरच, समोरून, वाकून जा. शेपटीकडे कधीही फिरकू नका. तेथला लहान पंखा इतका वेगाने फिरतो की डोळ्यांना दिसत नाही. जमीन उताराची असेल तर चढाच्या बाजूने जाऊ नका, कारण त्या बाजूला पाती डोक्याच्या जवळ येतात. डोक्यावर टोपी, पदर, छत्री काही सैल ठेवू नका. आजारी, गरोदर बाया, मुले आणि वृद्ध यांची नावे आधीच एका कागदावर लिहून तयार ठेवा. वाद घालायला तेव्हा वेळ नसतो.

ही पाच-सहा वाक्ये शाळेच्या फळ्यावर पावसाळ्यापूर्वी एकदा लिहा आणि मैदानावर मुलांकडून तालीम करून घ्या. यंत्र परदेशचे असो की आपले, त्याच्यासाठी जागा मात्र गावालाच मोकळी ठेवावी लागते.