वचन आणि मतपत्रिका

अमेरिकेंत अध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्यासाठीं राज्याराज्यांतून प्राथमिक मतदान होतें. २००८ सालीं ठराविक चार राज्यांखेरीज कोणींहि तें ५ फेब्रुवारीपूर्वीं घेऊं नये, असा डेमोक्रॅटिक पक्षाचा दंडक होता. मिशिगन व फ्लॉरिडा यांनीं तो मोडला. पक्षानें त्यांचे सर्व प्रतिनिधि रद्द ठरविले. अशा राज्यांत प्रचार वा सहभाग करणार नाहीं, असें वचन प्रमुख उमेदवारांनीं लिहून दिलें. त्यास अनुसरून बराक ओबामा व जॉन एडवर्ड्स यांनीं मिशिगनच्या मतपत्रिकेवरून आपलीं नांवें काढून घेतलीं. हिलरी क्लिंटन यांनीं मात्र नांव ठेविलें. नांव काढण्याची सक्ती नव्हती, हें खरें. पण ‘सहभाग’ म्हणजे मग काय?

१५ जानेवारीस त्यांना सुमारें ५५ टक्के मतें पडलीं. सुमारें ४० टक्के मतदारांनीं कोणासहि बांधील नसल्याची खूण केली. चुरस वाढतांच क्लिंटनपक्षानें हीं मतें मोजण्याचा आग्रह धरला. त्यांतहि तथ्य होतें. नियम मोडला पुढाऱ्यांनीं, आणि मत बुडत होतें सामान्य मतदाराचें! अखेर ३१ मे रोजीं नियमसमितीनें प्रत्येक प्रतिनिधीस अर्धें मत दिलें. मिशिगनचे प्रतिनिधि वांटले गेले क्लिंटन यांना ६९ व मतपत्रिकेवर नांवच नसलेल्या ओबामांना ५९. ऑगस्टमध्यें, उमेदवारी निश्चित झाल्यावर, ओबामांच्याच विनंतीवरून दोन्ही राज्यांना पूर्ण मतें परत मिळालीं.