चिपाडाचा ओलावा आणि धुराड्याचा धूर



साखर कारखान्याच्या धुराड्यातून काळा धूर निघाला, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसली, की गावात एकच बोलणे होते : आज भट्टीवरचा माणूस झोपला! त्या माणसाची बाजू सांगण्यासाठी आम्ही आज उभे आहोत. त्याची चूक असेल तेथे तीही सांगू.

गुऱ्हाळ आपण पाहिले आहे. तेथे चरकातून निघालेले चिपाड उन्हात वाळवतात, आणि जाळव्या मगच ते चुलवाणात सारतो. कारखान्याला एवढी सवड कोठली? मिलमधून निघालेला चोथा, ज्याला तेथे बगॅस म्हणतात, तो बहुतांशी पट्ट्यावरून तसाच बॉयलरवर जातो. त्याचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे. ओलावा ५० टक्क्यांवरून ५४ वर गेला तर चारच टक्के वाढले असे वाटते. परंतु दर किलो कोरड्या चोथ्यामागे जे १ किलो पाणी उडवावयाचे, ते आता सुमारे १ किलो १७० ग्रॅम होते. भट्टी थंडावते, कोळशाचे कण अर्धवट जळून वर जातात. तोच काळा धूर.

राखेचा हिशेबही आधीच मांडता येतो. टनभर बगॅसमध्ये राख २० किलो धरा. तो जळून जो वायू निघतो, तो थंड अवस्थेत मोजला तर सुमारे ४,००० घनमीटर भरतो. २०१६ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे घनमीटरमागे १५० मिलिग्रॅम धूळ चालते. म्हणजे टनामागे ६०० ग्रॅम. निम्मी राख भट्टीतच पडली असे मानले, तरी उडालेल्या १० किलोंपैकी ९ किलो ४०० ग्रॅम धुराड्याआधी अडवलीच पाहिजे. वायू गरगर फिरवून धूळ खाली पाडणारी यंत्रे जाडी राख पकडतात, बारीक सुटते. तिच्यासाठी पाण्याचा फवारा किंवा विजेने धूळ ओढणारे यंत्र लागते. फवाऱ्यानंतर दिसणारा पांढरा लोट पुष्कळसा वाफेचा असतो. त्याला भिण्याचे कारण नाही. खाली साठणारा राखेचा चिखल मात्र कोणीतरी उपसावा लागतो, आणि तो बहुधा ठेकेदाराचा मजूर असतो.

एका कारखान्यात धुरापायी फायरमनला नोटीस मिळाली. आमची शाळा सातवीत सुटली. बॉयलरचे पुस्तक आम्ही रात्री शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. चौकशीत आम्ही पट्ट्यावरचा १०० ग्रॅम बगॅस कारखान्याच्याच प्रयोगशाळेत वाळवून मागितला. ४६ ग्रॅम उरला. मग वही पाहिली, तर तीन पाळ्या तोच ओलावा लिहिलेला! मिलचे रोलर झिजले होते. आकडा वहीत होता. शंभर पावलांवरच्या बॉयलरपर्यंत तो कोणी पोहोचवला नव्हता. फायरमननेही धूर पाहून वारा पुरता उघडला होता, ही त्याची चूकच. जादा वाऱ्याने भट्टी आणखी निवते आणि राख अधिक उडते.

नोटीस मागे घेतली गेली. रोलर हंगाम संपेपर्यंत तेच चालले. तेव्हापासून करारात आम्ही एक कलम मागतो : दर दोन तासांनी बगॅसचा ओलावा बॉयलरवरच्या फळ्यावर लिहावा, आणि लिहिणाऱ्याने त्याखाली सही करावी. पगाराच्या कलमांवर रात्र रात्र चर्चा होते. या कलमापाशी साहेब मंडळी घड्याळ पाहू लागतात.