हरकत नक्की कुणाची?



आयोजकांनी मला विषय दिला, 'शहरातल्या तरुणाचं रोजचं जगणं'. गंमत अशी की मी शहरात राहतच नाही. मी शिक्रापूरचा. इंजिनिअरिंग झाल्यापासून सॉफ्टवेअरमध्ये आहे, ऑफिस खराडीला. सकाळी साडेसातला मोटारसायकल काढतो. सणसवाडी, कोरेगाव भीमा, पेरणे फाटा, लोणीकंद, वाघोली. अंतर तीस किलोमीटरच्या आत-बाहेर, पण वाघोलीत अडकलो की दीड तास कुठं गेला कळत नाही. २०२१ साली वाघोली पुणे महापालिकेत गेली, म्हणजे कागदावर मी आता लवकर शहरात शिरतो. रस्त्याला मात्र ते अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

ऑफिसात माझ्या नावावरून काही अडत नाही, हे आधीच सांगतो. मी इथं रडगाणं गायला उभा नाही. शुक्रवारी दुपारचा एक तास माझ्या कॅलेंडरवर बंद असतो, त्या वेळी कुणी मीटिंग लावत नाही. रमजानमध्ये संध्याकाळचा कॉल चालू असला तरी टीममधलंच कुणीतरी आठवण करतं, "अरे, तुझी वेळ झाली, सोड." कोड चुकला तर नाव न बघता बोलतात, चालला तरी नाव न बघता पुढं जातात. नोकरीच्या बाबतीत शहरानं माझं पुष्कळ भलं केलं.

मग तुम्ही विचाराल, रोज हे हेलपाटे घालण्यापेक्षा तिकडंच घर का घेत नाहीस? दोनदा प्रयत्न केला, भाड्यानं. कुठल्या सोसायट्या ते सांगत नाही, त्यानं काही साधत नाही. पण फोन कसे होतात ते सांगतो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते पाठ असतील. "फ्लॅट आहे का?" आहे. "फॅमिली का बॅचलर?" फॅमिली. "कंपनी कुठली?" सांगितली, आवाजात गोडवा आला. "नाव काय म्हणालात?" नाव सांगितलं. मग जी शांतता होते ना, ती मला आता सेकंदात मोजता येते. त्यानंतरचं वाक्य ठरलेलं असतं : "माझी काहीच हरकत नाही हो, पण सोसायटीतले लोक..." एक एजंट तर म्हणाले, "तुमचं मराठी फार छान आहे." मी म्हणालो, "तुमचंही."

ॲपवर धर्माचा रकाना नसतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा गोष्टींवर खूश असतो, की बघा, सिस्टिम भेदभाव करत नाही. पण नाव टाकावं लागतं आणि मालक ते वाचतो. 'फक्त शाकाहारी' हा पर्याय असतोच. शाकाहारी मुसलमानानं ती खूण करून बघावी, मला निकाल कळवावा.

हे माझ्या एकट्याचं गाऱ्हाणं नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुसलमानांना घर भाड्यानं किंवा विकत मिळताना येणाऱ्या अडचणी नोंदवलेल्या आहेत. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात वेगवेगळ्या समाजातली माणसं घर विचारायला लावून अभ्यास केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. सवर्ण हिंदूंना घर मिळालं, दलितांना अनेकदा नकार आला, मुसलमानांना त्याहून जास्त. हे पुन्हा ऐका, दलितांनाही. आपण हा प्रश्न फक्त आपला समजतो, तिथं आपलं थोडं चुकतं.

कायदा काय म्हणतो? संविधानाचं कलम १५ शासनाला भेदभाव करू देत नाही, आणि दुकानं, हॉटेलं, विहिरी अशा सार्वजनिक जागांवर कुणालाही अडवू देत नाही. खासगी घरमालकाचा त्यात उल्लेख नाही. सहकारी गृहसंस्थांचं म्हणाल, तर २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवणारा उपनियम वैध ठरवला. म्हणजे दार बंद करणाऱ्याच्या हातात कायदा नसला, तरी दार उघडायला लावणाऱ्याच्या हातातही फारसा नाही. त्यातूनच मुंबईत १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंब्रा वाढलं. पुण्यात आपली माणसं कोंढव्याकडं सरकत गेली. कोंढव्यात घर लगेच मिळतं. तिथं राहायला माझी ना नाही, तिथंच राहावं लागण्याला आहे.

आमच्या पाबळ रस्त्यानं पुढं गेलं की पाबळला मस्तानीची कबर लागते. कुणी समाधी म्हणतं, कुणी मजार. पुण्यात नांदणं तिलाही सोपं गेलं नव्हतं, असं आम्ही मित्र थट्टेनं म्हणतो.

आता खरं बोलायचं आहे त्याकडं येतो.

चाकण चौकापासून थोडं आत आमच्या आठ खोल्या आहेत. अब्बांनी टेलरिंगच्या दुकानाच्या जोरावर एकेक करून बांधल्या. सणसवाडी आणि रांजणगावच्या कारखान्यांमुळं शिक्रापुरात खोलीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. बिहारचे, यूपीचे, बीडचे, नांदेडचे पोरं येतात. शिक्रापुरात आपल्यातली अशी बरीच घरं आहेत, शेत गेलं पण खोल्या उभ्या राहिल्या. म्हणजे पुण्यात आम्ही दारात उभे असतो आणि गावात दार आमचं असतं.

गेल्या दिवाळीनंतर परभणीकडच्या दोन मुली खोली विचारत आल्या. आयटीआय केलेल्या, कारखान्यात ट्रेनी. एक आपल्यातली, एक बौद्ध. अब्बांनी चहा पाजला, चौकशी केली, आणि खोली रिकामी असताना "बघून सांगतो" म्हणाले. त्या गेल्यावर मी विचारलं, तर अब्बा म्हणाले, "मेरी ना नईं बेटा, पर मोहल्ले के लोगां क्या बोलेंगे?"

मला हसावं का रडावं कळेना. शब्द न् शब्द तोच. फक्त सोसायटीच्या जागी मोहल्ला.

मी अब्बांना त्या फोनबद्दल सांगितलं. त्यांना ते माहीत होतं, त्यांच्या पोराला नकार आला म्हणून तेव्हा ते दोन दिवस बोलले नव्हते. तरी म्हणाले, "ते वेगळं." काय वेगळं, ते त्यांना सांगता येईना. खरं तर थोडं वेगळं आहेच. अब्बांना कुणाचा राग नव्हता, दोन तरुण मुलींची जबाबदारी नको होती. पण ज्या मालकानं मला नाकारलं, त्यालाही कदाचित माझा राग नसेल, सोसायटीच्या सेक्रेटरीशी वाद नको असेल. ज्याला नकार मिळतो त्याला दोन्हीकडं रात्री झोपायला जागा नसते, एवढं सारखं.

मग मी एक काम केलं. मोहल्ल्यातल्या ज्यांची नावं अब्बांनी घेतली, त्यांना सरळ जाऊन विचारलं. पाच जण होते. तिघं म्हणाले, आम्हाला काय करायचंय? एक चाचा म्हणाले, "माझी हरकत नाही, पण तुझे अब्बा नको म्हणतील." एकाची हरकत खरी होती. त्यांच्याशी वाद झाला, अजून आहे, सलामाला जवाब मिळतो, बाकी काही नाही. सोसायटीतल्या लोकांना असं दारोदार जाऊन विचारायची सोय मला नव्हती. गावात आहे.

अम्मीनं विषय संपवला. म्हणाली, "आपल्या रेश्माला चाकणला नोकरी लागली असती तर?" मुली राहायला आल्या. अब्बांची अट होती, दहाला फाटक बंद. पण दुसरी पाळी सुटते रात्री साडेअकराच्या सुमारास, कंपनीची बस चौकात सोडते बाराला. पहिल्या आठवड्यात अब्बा रोज जागत बसले, फाटक उघडायला. दुसऱ्या आठवड्यात अम्मीनं चौकातून दुसरी किल्ली करून आणली.

ज्यांच्या घरी खोल्या आहेत त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. अकरा महिन्यांपेक्षा कमी मुदतीचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही. वर वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, उलट सिद्ध होईपर्यंत. आता हे ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा लावून. भाडेकरू असाल तर आग्रह धरा. परगावच्या पोराला बँकेत, गॅसला, पासपोर्टला पत्ता लागतो, आणि तोंडी खोली घेतलेल्याकडं पत्ता नसतो.

आमच्या आठपैकी तीन खोल्यांचे करार झाले. त्या दोन मुलींचा राहिलाय. अब्बा म्हणतात, खर्च कशाला, घरच्यासारख्याच आहेत. मुली म्हणतात, घरच्यासारखं ठीक आहे काका, पण कागद द्या. माझं मत मुलींच्या बाजूनं आहे. रविवारी लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन बसायचं ठरलंय, अब्बांनी अजून हो म्हटलेलं नाही.

तुमच्यातल्या कुणाला करार कसा भरायचा ते बघायचं असेल, तर चहाच्या वेळी भेटा.