पाच वाजल्यानंतरची शाळा



संयोजकांनी मला ‘शाळेतील उपक्रम’ हा विषय दिला आहे आणि दहा मिनिटं दिली आहेत. मी बारावीनंतर सांगलीला इंजिनिअरिंग केलं आणि गेली वीस-बावीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे मीटिंग वेळेत संपवायची पद्धत आहे, तेव्हा बाई, घंटा हातात घेऊन बसायची गरज नाही.

आपल्या गारगोटीला शिक्षणाची मोठी परंपरा आहे. डॉ. जे. पी. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. त्यांनी इथे मौनी विद्यापीठ उभारलं, बालवाडीपासून वरच्या शिक्षणापर्यंत सगळं खेड्यातच मिळावं म्हणून. पुढे ते कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. 1966 च्या त्या अहवालाने शाळेत ‘कार्यानुभव’ असावा असं सांगितलं. आपण त्या तासाला खडू केले, वाफे खणले, फाईलला पुठ्ठे चिकटवले. हाताने केलेलं काम हाही अभ्यासच असतो, हे या गावाने तेव्हाच मान्य केलेलं होतं.

उपक्रमांचं वर्ष आपल्याकडे ठरलेलं असायचं. जूनमध्ये वर्गमंत्र्याची निवडणूक, पावसात वृक्षारोपण, गणपतीत वक्तृत्व, आणि 13 डिसेंबरला प्रभातफेरी. 1942 साली त्या तारखेला गारगोटीच्या कचेरीवरच्या हल्ल्यात करवीरय्या स्वामींसह सात जण हुतात्मा झाले. आठवीत असताना मला वाटायचं, थंडीत एवढ्या लवकर कशाला उठवतात! पण घोषणा देत चौकातून जाताना म्हातारी माणसं दुकानाच्या पायरीवर उभी राहायची, टोपी काढायची. इतिहासाच्या पुस्तकात धडा असतो तो दुसऱ्या कुठल्या तरी गावाचा, असा आपला समज होता. तो त्या फेरीत गेला. किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी, म्हणजे 1993 ला, याच फेरीच्या रांगेने आपण घरोघर धान्य गोळा केलं होतं.

आता विज्ञान मंडळाबद्दल. 21 सप्टेंबर 1995, गुरुवार. गणपती दूध पितो अशी बातमी देशभर पसरली तो दिवस. संध्याकाळी गावात दुधाला रांगा. दुसऱ्या दिवशी वर्गात दोन तट पडले आणि भांडण विज्ञानाच्या सरांपर्यंत गेलं. सर म्हणाले, “ज्यांनी बघितलं ते खोटं बोलत नाहीत. चमच्यातलं दूध कमी झालंच आहे. ते गेलं कुठं, एवढंच बघू.” त्यांनी दुधात निळी शाई टाकली, शाळेचा पितळी टोल खाली उतरवला आणि चमचा त्याला टेकवला. टोलाने दूध प्यायलं! पृष्ठताणामुळे दूध चमच्याच्या काठावरून ओढलं जात होतं आणि टोलावरून पातळ धार होऊन खाली ओघळत होती. पांढऱ्या मूर्तीवर पांढरी धार दिसत नव्हती, इथे निळी दिसली. देवाची टिंगल कुणी केली नाही, चुलतभावाशी अबोला धरायची वेळही आली नाही. महिन्याभराने, 24 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत सूर्यग्रहण आलं तेव्हा याच मंडळाने पुठ्ठ्याला छिद्र पाडून भिंतीवर चंद्रकोरीसारखा सूर्य दाखवला.

आज ऑफिसात एखादी चूक सापडत नाही तेव्हा नवीन पोरं म्हणतात, “मॅडम, ग्राहक काहीतरी चुकीचं सांगतोय.” मी सरांचं वाक्य सांगते: त्याने बघितलं ते खरं आहे, कारण शोधा.

हे सगळं ऐकताना तुमचे चेहरे फुलले आहेत. पण सगळ्यांचे नाहीत, आणि ते मी सांगितलं पाहिजे. विज्ञान मंडळ, लेझीम, हस्तलिखिताचं काम, नाटकाच्या तालमी, सगळं पाच वाजल्यानंतर चालायचं. कडगाव-पाटगाव भागातल्या आम्हा मुलींची गाडी साडेपाचला. ती चुकली की पुढची मुक्कामाची गाडी, रात्री आठला. कोणता बाप मुलीला अंधारात घरी येऊ देईल? टोलाचा प्रयोग मी बघितला तो मधल्या सुट्टीत झाला म्हणून. हस्तलिखितात माझा एक लेख आहे, तो मी घरी कंदिलाखाली लिहून मराठीच्या बाईंकडे दिला होता. पण ते बांधताना, नक्षी काढताना, एकमेकांच्या अक्षराला नावं ठेवताना जी मजा आली असं तुम्ही आज सकाळपासून सांगताय, त्या मजेत आम्ही नव्हतो. यात कुणाची चूक नव्हती. शाळा पाचला सुटायची आणि गाडी साडेपाचला होती, एवढंच.

या मेळाव्यासाठी यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मुलगे आठवड्यात सापडले. मुली सापडेनात, कारण हजेरीपटावर माहेरचं नाव आणि फोनमध्ये सासरचं. संगणकाला कितीही शोधायला सांगा, त्याला लग्न कळत नाही. शेवटी भावांना, वहिनींना, बाजारात भेटणाऱ्या मावश्यांना विचारत गेले. एकीला फोन केला तर ती म्हणाली, “मी कशाला येऊ गं? मला तिथं कोण ओळखतंय? मी कशातच नव्हते.” आम्ही तीन वर्षं एका बाकावर बसलो होतो. तिच्याइतकं गणित वर्गात कुणाला येत नव्हतं. ती आज आलेली नाही.

म्हणून एक विनंती. आपल्या बॅचच्या निधीतून प्रवेशद्वारावर कमान बांधायची अशी सूचना आहे. कमान चांगलीच दिसेल. तरी माझं मत वेगळं आहे. आज मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा पास मोफत मिळतो. पण मोफत पासाने गाडीची वेळ बदलत नाही. मुलांना थांबवता येत नसेल तर उपक्रम शाळेच्या वेळेत आणावे लागतील. मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे. शनिवारच्या शेवटच्या दोन तासिका मंडळांना द्यायला ते तयार आहेत. साहित्य आपण द्यायचं: भिंगं, तारा, बॅटऱ्या, रंग, चांगला कागद, लेझमा. आणि दर महिन्याला आपल्यापैकी दोघांनी यायचं. इथे डॉक्टर आहेत, शेतकरी आहेत, गवंडीकाम करणारे आहेत, फौजेतून परतलेले आहेत. प्रत्येकाला दोन तासिकांपुरतं काहीतरी शिकवता येईल. जूनच्या पहिल्या शनिवारी मी येते. निळी शाई आणि दूध घेऊन येते, टोल शाळेचा आहेच.

कमान की शनिवार, हे दुपारच्या बैठकीत ठरेल. हात वर करण्याआधी एवढंच बघा, तुमच्या बाकावर शेजारी बसणारी किंवा बसणारा आज इथे आहे का. नसेल तर जेवणाच्या सुट्टीत मला माहेरचं नाव आणि गाव लिहून द्या. शोधायचं काम माझं.