हळदोण्याचा ट्रंपेटवाला
(महोत्सवाच्या संगीतसभेंत केलेलें भाषण)



आज उत्तनच्या समुद्रकांठानें मिरवणूक देवळाच्या आवारांत आली, तेव्हां बँडाच्या मागील रांगेंतून ट्राँबोनचा धीरगंभीर नाद आपण सर्वांनीं ऐकला. त्या वाद्याची नळी पुढें-मागें सरकवून सूर शोधावा लागतो. नळीच्या सात जागा असतात, पण एकीवरही खूण नसते. वाजविणाराचा कान हाच त्याचा वाटाड्या. अशाच पितळी वाद्यावर जगलेल्या एका पुरुषाचें चरित्र आज आपणांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गोव्यांत बारदेस तालुक्यांत हळदोणें नांवाचें गांव आहे. तेथें १९१६ सालीं अंतोनियो झेवियर वाझ ह्यांचा जन्म झाला. पोर्तुगीज अमदानींत गोव्याच्या चर्चना जोडून संगीताच्या पाठशाळा असत. गांवचा 'मेस्त' मुलांना आधीं स्वरलिपि वाचावयास शिकवी, मग हातांत व्हायोलिन देई. हेतु एवढाच, कीं मिस्साला गायनवादनाची उणीव पडूं नये. पेरणी झाली वेदीसाठीं. पीक आलें तें दूर मुंबईंत!

१९३५ सालीं लिऑन अॅबी ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा संच ताजमहाल हॉटेलांत आला आणि जाझ संगीताचें मुंबईंत बस्तान बसूं लागलें. गोमंतकीय तरुणांना लिपि येतच होती. त्यांनीं ही नवी विद्या चटकन आत्मसात् केली. वाझ ट्रंपेट वाजवीत. लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. 'चिक चॉकलेट' हें त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें.

चित्रपटांत त्या काळीं संगीतदिग्दर्शक चाल गाऊन दाखवी. ती कागदावर उतरवून, कोणतें वाद्य कोठें बोलेल आणि कोठें मौन धरील हें ठरविणारा बहुधा गोमंतकीय ख्रिस्ती असे. पुणतांब्यास जन्मलेले सी. रामचंद्र ह्यांना चिक चॉकलेट ह्यांचें असेंच साहाय्य लाभलें. १९५१ सालच्या 'अलबेला'ची गाणीं आपल्यापैकीं कोणास ठाऊक नाहींत? त्याच सालीं 'नादान' चित्रपटास त्यांनीं स्वतः संगीत दिलें. १९६७ सालीं ते निवर्तले. गाणीं घरोघर राहिलीं; त्यांत पितळेचा प्राण फुंकणाराचें नांव मात्र थोड्यांस आठवतें.

आतां एक कबुली. आम्ही नवदीक्षित असतांना एका गांवीं साहाय्यक धर्मगुरु होतों. लग्नाच्या बँडांत ट्राँबोन वाजविणारा एक कोळी बांधव आला व म्हणाला, "फादर, नाताळच्या मिस्साला गायकवृंदाबरोबर वाजवूं का?" आम्ही म्हणालों, "नाचाचें वाद्य देवळांत नको." दहावे पायस ह्यांनीं १९०३ सालीं चर्चमधील बँडावर निर्बंध घातले, हें आम्ही सेमिनरींत शिकलों होतों. पण व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं योग्य वाद्यांस धर्माधिकाऱ्यांच्या संमतीनें मुभा दिली, हेंही शिकलों होतों. ट्राँबोननें शतकानुशतकें युरोपांत गायकवृंदांस साथ केली आहे. मोझार्टच्या १७९१ च्या मृतांसाठींच्या मिस्सांतही त्याचा एकाकी स्वर आहे. दोष नियमाचा नव्हता, आमच्या अहंतेचा होता. तो मनुष्य कांहीं न बोलतां परतला, आणि गायकवृंदाजवळ पुन्हां कधीं आला नाहीं.

हळदोण्याच्या एका पोराला शिकविणारे मिळाले, म्हणून एवढें संगीत देशाला लाभलें. आपल्या मागील रांगेंतील वादकांचे केंस पिकले आहेत, आणि त्यांच्या पाठीमागें शिष्य उभा नाहीं. महोत्सव सरेल, मांडव उतरेल. पण येत्या रविवारपासून मिस्सानंतर पाठशाळेच्या ओसरीवर स्वरलिपीचा वर्ग भरेल. शिकविण्याची विनंती करावयास आम्ही स्वतः त्या वडीलधाऱ्यांच्या घरीं जाणार आहों. मातापित्यांनो, आपण मुलें पाठवा. नाताळच्या रात्रीं ट्राँबोन देवळाच्या आंत वाजेल, दाराबाहेर नव्हे, ह्यासाठीं लागणारी संमति मिळविण्याचें काम आमचें.

प्रभु आपणां सर्वांचें कल्याण करो.